भिंतीवरची चित्रे, कागदावरची नावे

नाशिक जिल्ह्यातले ओझर म्हटले की बाहेरच्या माणसाला विमानांचा कारखाना, विमानतळ आणि द्राक्षबागा आठवतात. पण ओझरहून दिंडोरी ओलांडून पश्चिमेला निघाले की द्राक्षांचे मांडव मागे पडतात आणि पेठ, सुरगाणा, हरसूलचा डोंगराळ मुलूख लागतो. नागली, वरई आणि भातावर जगणाऱ्या कोकणा, वारली आणि महादेव कोळी आदिवासींचा हा मुलूख. पुढे त्र्यंबकेश्वरच्या अंगाने मोखाडा, जव्हार आणि तिथून विक्रमगड, डहाणू, तलासरी. वारली चित्रकलेचे माहेर हेच.

आज वारली चित्र पाहिलेले नाही असा मराठी माणूस सापडणे कठीण. शाळांच्या कुंपणभिंती, सरकारी कार्यालयांची दालने, लग्नपत्रिका, साड्या, चहाचे कप, मोबाइलची कव्हरे, सगळीकडे दोन त्रिकोणांची माणसे फेर धरून नाचताना दिसतात. पण या चित्रकारांपैकी कोणाचे नाव सांगा म्हटले तर बहुतेकांची गाडी जिव्या सोमा म्हसे यांच्यापाशी येऊन थांबते. अनेकांना तेही नाव ठाऊक नसते. कला घरोघर पोहोचली. ती काढणारा माणूस पोहोचला का? त्याला त्याचे दाम मिळाले का? आणि त्या कलेचे पुढे काय करायचे हे ठरवण्याचा अधिकार कोणाकडे राहिला?

हेच प्रश्न पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, कॅनडाच्या बर्फाळ उत्तरेतल्या इन्यूइट समाजापुढेही उभे राहिले. काळ जवळपास तोच होता आणि घटनाही चकित व्हावे इतक्या सारख्या होत्या. मात्र तिथे त्यांना मिळालेले उत्तर वेगळे आहे. ही दोन्ही उत्तरे शेजारी ठेवून पाहिली, तर आपले काय राहून गेले ते नेमके कळते.

भिंतीवरचा चौक

वारली चित्र मुळात सजावटीसाठी नव्हते. लग्नघरात चौक लिहिला जात असे आणि तो लिहिल्याशिवाय लग्न लागत नसे. कुडाच्या भिंतीला आधी शेणमातीचा हात फिरवायचा, त्यावर गेरू. तांदूळ भिजवून, वाटून पांढरे पीठ करायचे. बांबूची काडी एका टोकाला चावून तिचे तंतू मोकळे केले की कुंचला तयार. मग सवाशिणी भिंतीसमोर बसतात आणि आधी चौकाची चौकट आखतात. चौकटीच्या पट्ट्यांत साखळ्या, शिड्या, फण्या, एकाआड एक भरलेले त्रिकोण. या पट्ट्यांना घाई चालत नाही. एक बारीक रेघ चुकली तर पुढची ओळ तिच्याबरोबर वाकडी जाते.

चौकाच्या मधोमध पालघाट देवी. ती झाडापेरांची, सुफलनाची देवी. बाकी माणसे दोन त्रिकोणांत संपतात, पण देवीचा आकार वेगळा, ठसठशीत. भोवती सूर्य, चंद्र, झाड, बाशिंग बांधलेले नवरा-नवरी, घोडा, ताडावर चढणारा माणूस. शेजारच्या लहान चौकात पंचशिऱ्या देव. चित्र चालू असताना बायका गाणी म्हणतात आणि लग्न लावते ती धवलेरी, म्हणजे बाईच. वारल्यांच्या लग्नविधीत मंत्र सांगायला पुरुष पुरोहित लागत नाही, ही गोष्ट आपल्या समाजाने कधी नीट लक्षात घेतलेली नाही. गाणे बायकांचे, विधी बाईच्या तोंडचा आणि चित्रही बायकांच्या हातचे. विधी उरकला की चौकाचे काम संपले. पुढच्या पावसाळ्यात ओल आली, धूर बसला, भिंत पुन्हा सारवली की चित्र गेले. त्याच्याखाली सही नव्हती, कारण ते कोणा एकीचे नव्हतेच.

या कलेचा सविस्तर अभ्यास यशोधरा दालमिया यांनी केला. ललित कला अकादमीने १९८८ साली प्रसिद्ध केलेले त्यांचे इंग्रजी पुस्तक आजही या विषयाचा पाया मानले जाते. त्याआधी के. जे. सावे यांनी १९४५ साली वारल्यांच्या जीवनावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला होता. त्याच वर्षी गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला. गोदावरीबाईंच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकामुळे तो लढा मराठी वाचकाला ठाऊक झाला. चित्रांकडे पाहताना हा इतिहास विसरून चालत नाही. नाचाचा तो आनंदी फेर ज्यांच्या हातून उतरला, त्यांच्या मागच्या पिढ्या जमीनदाराच्या शेतावर फुकट राबत होत्या.

कागद आला आणि जिव्या आला

साठ-सत्तरच्या दशकांत केंद्र सरकारच्या हस्तकला आणि हातमाग खात्यांत पुपुल जयकर यांचा शब्द चालत असे. १९६६-६७ च्या बिहारमधील दुष्काळात त्यांनी भास्कर कुलकर्णी या चित्रकाराला मिथिलेत पाठवले. भिंतीवर चित्रे काढणाऱ्या बायकांना कागद द्यायचा, काढलेले चित्र विकत घ्यायचे आणि उपाशी घरात चार पैसे जावेत, असा तो विचार होता. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या या माणसाने मधुबनी चित्रे बाहेरच्या जगात आणली आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तोच कागद घेऊन तो डहाणूच्या पाड्यांवर आला.

गंजाडजवळच्या कळंबीपाड्यावर त्याला जिव्या सोमा म्हसे भेटले. जिव्यांचा जन्म १९३४ चा, तलासरी तालुक्यातल्या धामणगावचा. लहानपणी आई गेली, त्या धक्क्याने वाचा बसली आणि पोरगा बोलण्याऐवजी धुळीत चित्रे काढू लागला, अशी त्यांची हकीकत सांगितली जाते. लग्नाची वाट न पाहता, मनात येईल तेव्हा आणि मनात येईल ते काढणारा हा वारली पुरुष. बायकांच्या विधीचित्रातली भाषा त्याने उचलली आणि तिच्यात गोष्टी सांगायला सुरुवात केली.

जिव्यांचे मासेमारीचे चित्र जवळून पाहावे. कागदभर एकच जाळे पसरलेले. केसाएवढ्या बारीक रेघांनी विणलेले त्याचे डोळे कुठे ताणलेले, कुठे सैल. जाळ्याच्या कडेला होडी आणि बोटाच्या पेरापेक्षा लहान माणसे. डोळ्याला आधी जाळे दिसते, मग पाण्याची हालचाल जाणवते आणि पाणी तर कुठे काढलेलेच नाही! त्यांच्या चित्रांत मुंग्या, पक्षी, भातलावणी, तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती गोगलगाईच्या शंखासारखा वळत गेलेला नाच, काहीही स्थिर बसत नाही. जग म्हणजे हालचाल, ही त्यांची धारणा त्यांनी रेषेत उतरवली.

१९७५ मध्ये मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत त्यांची चित्रे लागली. १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९८९ मध्ये पॅरिसच्या पोंपिदू केंद्रातल्या ‘पृथ्वीचे जादूगार’ या गाजलेल्या प्रदर्शनात ते होते. २००३ मध्ये जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फला ब्रिटिश कलाकार रिचर्ड लाँग यांच्यासोबत त्यांचे प्रदर्शन झाले. २००९ मध्ये नेदरलँड्सचा प्रिन्स क्लॉस पुरस्कार आणि २०११ मध्ये पद्मश्री. मे २०१८ मध्ये ते गेले. बाळू आणि सदाशिव या मुलांनी चित्रकला पुढे चालवली. वारली चित्र म्हणजे लोककलेचा नमुना, ही समजूत जिव्यांनी मोडली. एका वारली माणसाची स्वतःची रेषा असते आणि ती दुसऱ्यापेक्षा वेगळी ओळखता येते, हे त्यांनी सिद्ध केले.

बर्फातले गाव आणि त्याची सोसायटी

आता कॅनडाकडे जाऊ. १९४८ मध्ये जेम्स ह्यूस्टन नावाचा टोरांटोचा तरुण चित्रकार उत्तर क्युबेकमधल्या इनुकजुआक या वस्तीवर पोहोचला. तिथल्या शिकाऱ्यांनी दगडात आणि हस्तिदंतासारख्या वॉलरसच्या सुळ्यांत कोरलेल्या लहान मूर्ती पाहून तो भारावला. त्या त्याने मॉन्ट्रियलला आणल्या. १९४९ च्या नोव्हेंबरात तिथल्या हस्तकला संघाने विक्री मांडली आणि तीन दिवसांत सगळा माल खपला.

त्यामागे भूक होती. पांढऱ्या कोल्ह्याच्या कातड्याचे भाव पडले होते आणि पिढ्यान्‌पिढ्या शिकारीच्या मागे फिरणारी इन्यूइट कुटुंबे सरकारी वस्त्यांत स्थिरावत होती. पैसा कुठून आणायचा, हा रोजचा प्रश्न होता. मिथिलेतला दुष्काळ आणि आर्क्टिकमधली उपासमार, दोन्हीकडे एक चित्रकार लोकांपर्यंत पोहोचला आणि सरकारने त्या कामाला बळ दिले, हे साम्य केवळ योगायोगाचे नाही. दोन्ही सरकारांना कमी खर्चात रोजगार हवा होता आणि दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांना त्यात मोठी कला सापडली.

पुढे ह्यूस्टन बाफिन बेटालगतच्या केप डॉर्सेटला राहिला. हे गाव आता अधिकृतपणे किंगाइट या त्याच्या मूळ नावाने ओळखले जाते. १९५७ च्या सुमारास ओसुइटोक इपीली हा मूर्तिकार सिगारेटच्या दोन पाकिटांवरची अगदी सारखी चित्रे पाहत होता. प्रत्येक पाकिटावर एकच चित्र पुन्हा पुन्हा रंगवायचे म्हणजे केवढे कंटाळवाणे काम, असे त्याला वाटले. छापणे म्हणजे काय हे समजावण्यासाठी ह्यूस्टनने ओसुइटोकनेच कोरलेल्या सुळ्यावर शाई लावून त्याचा ठसा पातळ कागदावर उमटवला. तिथून छापचित्रांची कल्पना निघाली. ह्यूस्टन जपानला जाऊन उनिची हिरात्सुका या लाकडी ठशांच्या मुद्रकाकडे काही महिने शिकून आला आणि १९५९ मध्ये किंगाइटचा पहिला छापचित्र संग्रह विक्रीला आला.

इथून पुढची वाट मात्र वारल्यांपेक्षा वेगळी झाली. त्याच सुमारास गावाने स्वतःची सहकारी संस्था उभारली. तिचे सभासद खुद्द इन्यूइट होते. तिची पद्धत अशी: कोणीही, बाई असो की पुरुष, चित्र काढून संस्थेत आणायचे, संस्था ते तिथल्या तिथे रोख पैसे देऊन घेते, मग ते पुढे छापले जावो वा न जावो. वर्षाकाठी जमलेल्या ढिगातून थोडी चित्रे निवडली जातात. कोरीव काम करणारा ती सपाट दगडावर उलटी उतरवतो, मुद्रक दगडाला शाई लावतो, वर जपानी कागद ठेवून हाताने घासून एकेक प्रत काढतो. साधारण ५० प्रती झाल्या की ठसा नष्ट करतात, म्हणजे नंतर कोणी चोरून छापू शकत नाही. चित्रावर चित्रकाराचे नाव, सोबत मुद्रकाची खूण आणि संस्थेचा शिक्का. दरवर्षी एक सूचीपत्र निघते. विक्री आणि भाव संस्थेच्या हातात. याच संस्थेने गावात दुकान आणि इंधनाचा पुरवठाही चालवला, त्यामुळे चित्रांचा पैसा गावातच फिरला. टेरी रायन या चित्रकाराने १९६० पासून अनेक दशके तिचे व्यवस्थापन पाहिले.

म्हणून किंगाइटमधून एकच नाव पुढे आले नाही. केनोजुआक आशेवाक यांचे १९६० चे ‘मंतरलेले घुबड’ कॅनडाच्या टपाल तिकिटावर गेले. पिसारा फुलवून बघणाऱ्यावर डोळे रोखणारे ते घुबड त्या देशाची ओळख बनले. पित्सिओलाक आशूना विधवा होत्या, पदरी मुले होती. पोटासाठी त्या कपडे शिवत आणि चित्राचे पैसे मिळतात हे कळल्यावर चित्रे काढू लागल्या. आयुष्यभरात त्यांनी ८,००० हून अधिक चित्रे काढली. एवढ्याशा गावात दोन-तीन पिढ्यांचे चित्रकार तयार झाले, ते या रोख पैशाच्या खिडकीमुळे.

या व्यवस्थेचे दोषही सांगितले पाहिजेत. काय कोरावे, काय खपेल हे सांगणारी एक पुस्तिका ह्यूस्टनने १९५१ मध्ये काढली होती. १९६१ ते १९८९ या काळात शहरातल्या तज्ज्ञांची एक परिषद छापचित्रे मंजूर-नामंजूर करत असे. ‘खरी इन्यूइट कला’ कशी असावी हे इन्यूइटांनी नव्हे, दक्षिणेतल्या गोऱ्या रसिकांनी ठरवले, ही टीका रास्त आहे. पण संस्था गावाची होती, म्हणून परिषद गेली तरी गावाचे काम थांबले नाही.

बायकांचे काय झाले

वारली कलेचा आढावा घेताना मनाला सर्वांत जास्त टोचणारी गोष्ट ही. जी कला पूर्णपणे बायकांची होती, तिचे प्रसिद्ध चेहरे पन्नास वर्षे पुरुषांचेच राहिले. कारणे उघड आहेत. कागदावरचे चित्र विकायला मुंबईला जावे लागते, प्रदर्शनात दोन-दोन आठवडे थांबावे लागते, दुकानदाराशी भावाची घासाघीस करावी लागते. शेत, पाणी, लाकूडफाटा आणि मुले सांभाळणाऱ्या बाईला ते शक्य नव्हते. बाजार पाड्यापासून दूर होता आणि तो रस्ता पुरुषाच्या पायाखालचा होता.

किंगाइटमध्ये बाजार दारात होता. चित्र घेऊन चालत संस्थेत जायचे, पैसे घेऊन घरी यायचे. म्हणून तिथल्या सर्वांत मोठ्या चित्रकारांत केनोजुआक आणि पित्सिओलाक या बायका आहेत. बायकांची कला बायकांच्या हाती राहावी असे वाटत असेल तर भाषणांपेक्षा खरेदीची जागा घराजवळ आणणे जास्त उपयोगी, हा धडा तिथून मिळतो.

आज वारली बायका कागदावर आणि कापडावर चित्रे काढतात. चेन्नईच्या तारा बुक्सने २००९ मध्ये काढलेल्या ‘डू!’ या मुलांच्या पुस्तकावर रमेश व रसिका हेंगडी, शांताराम धडपे आणि कुसुम खरपडे यांची नावे आहेत. एका प्रकाशकाने ठरवले तर किती साधेपणाने नाव छापता येते, याचा हा दाखला आहे. लग्नपत्रिका आणि कापड छापणाऱ्यांना ते का जमू नये?

नाव आणि शिक्का

नाव ही दोन्ही समाजांची दुखरी जागा आहे. १९४० च्या दशकात कॅनडा सरकारने इन्यूइटांच्या नावांचा घोळ नको म्हणून प्रत्येकाला गळ्यात घालायची क्रमांकाची चकती दिली. सरकारी कागदांत माणूस म्हणजे तो क्रमांक. सुरुवातीच्या अनेक मूर्तींच्या तळाशी कलाकाराच्या नावाऐवजी हाच क्रमांक कोरलेला आढळतो. १९७० च्या सुमारास एब ओकपिक हे इन्यूइट गृहस्थ गावोगाव फिरले, लोकांना आडनावे निवडायला मदत केली आणि चकत्या मागे पडल्या.

नक्कल रोखण्यासाठी १९५८ मध्ये तिथे इग्लूचे चित्र असलेला व्यापारचिन्ह-शिक्का सुरू झाला. अस्सल इन्यूइट वस्तूला या शिक्क्याची चिठ्ठी जोडलेली असते आणि तिच्यावर कलाकाराचे नाव, गाव आणि वस्तूची माहिती लिहिलेली असते. जवळपास साठ वर्षे हे चिन्ह सरकारच्या ताब्यात होते. २०१७ मध्ये ते इन्यूइट आर्ट फाउंडेशन या कलाकारांच्याच संस्थेकडे आले. अस्सल कोणते हे ठरवण्याचा अधिकार ज्यांची कला त्यांच्याकडे गेला.

आपल्याकडे वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक संकेत मिळाला. डहाणूच्या आदिवासी युवा सेवा संघाने त्यासाठी पाठपुरावा केला. आदिवासी तरुणांनी आपल्या कलेची कायदेशीर नोंद करून घेतली, हे मोठे काम आहे. पण भौगोलिक संकेत काय देतो आणि काय देत नाही, हे समजून घ्यायला हवे. तो नावाचे रक्षण करतो. ‘वारली चित्र’ या नावाने माल विकायचा तर तो नोंदणी झालेल्या अधिकृत वापरकर्त्याचा हवा. मात्र दोन त्रिकोणांची माणसे काढून, वारली हा शब्द न वापरता कोणी चादर छापली, तर ती थांबवणे फार अवघड. १९५७ चा कॉपीराइट कायदा एका व्यक्तीच्या विशिष्ट निर्मितीला संरक्षण देतो, समाजाच्या शैलीला नाही. शिवाय संकेताची नोंदणी झाली तरी तो वापरण्यासाठी चिठ्ठी, तपासणी आणि तक्रार ऐकणारी यंत्रणा लागते. संकेत कागदावर आहे. ग्राहकाच्या हाती पडणाऱ्या चित्रावर त्याची खूण क्वचितच दिसते.

शैली वापरायची आणि माणूस विसरायचा, हा प्रकार तिकडेही चुकला नाही. २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकने बोधचिन्ह म्हणून इन्यूइटांच्या दगडी इनुक्शुकचा आकार उचलला. बर्फात वाट दाखवणारी, शिकारीची जागा सांगणारी ही खूण टी-शर्टांवर गेली आणि त्यावर इन्यूइट पुढाऱ्यांनी नाराजी नोंदवली. तारप्याच्या नाचाचे आपल्याकडे तेच झाले. ज्या नाचाला भाताच्या सुगीचा संदर्भ आहे, तो बारमाही नक्षीकाम होऊन बसला.

नव्या पिढीची चित्रे

बाजाराला नेहमी जुने चित्र हवे असते. तारप्याचा नाच, लग्न, बैलगाडी. इकडे तसे, तर तिकडे अस्वल, घुबड, सील. यातून बाहेर पडण्याची हिंमत नव्या पिढीने दाखवली.

अ‍ॅनी पूटूगूक या पित्सिओलाक यांच्या नात. त्यांनी घरातला दूरदर्शन संच, किराणा दुकान, दारू, बायकोला मारणारा नवरा, असे सगळे रंगीत पेन्सिलींनी काढले. बर्फाचे घर हवे असलेल्या ग्राहकाला हे पाहून धक्का बसला, पण २००६ मध्ये त्यांना कॅनडाचा सोबी कला पुरस्कार मिळाला. २०१६ मध्ये ऑटवामध्ये त्यांचा मृत्यू झाला. कीर्तीने त्यांचे हाल थांबवले नाहीत. त्यांच्या मामेबहीण शुविनाइ आशूना यांना २०२२ च्या व्हेनिस द्वैवार्षिकीत विशेष उल्लेखाचा मान मिळाला. २०२१ मध्ये विनिपेग कला संग्रहालयाने इन्यूइट कलेसाठी ‘कौमायुक’ ही स्वतंत्र इमारत उघडली. तिथे सुमारे १४,००० कलाकृती आहेत आणि मूर्तींचा मोठा साठा काचेच्या उंच दालनात येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा ठेवला आहे.

इकडे गंजाडच्या राजेश वांगड यांनी २०१३ पासून छायाचित्रकार गौरी गिल यांच्यासोबत काम केले. गिल यांनी टिपलेल्या उजाड माळाच्या, गावच्या छायाचित्रावर वांगड आपल्या रेषेने तिथे पूर्वी काय होते, काय घडले, कोण मारले गेले ते भरतात. दोघांची नावे बरोबरीने लागतात. गंजाडचेच मयूर आणि तुषार वायेडा हे भाऊ वारली उत्पत्तिकथा, बियाणे, समुद्र यांवर मोठ्या आकाराची चित्रे करतात आणि ब्रिस्बेनच्या आशिया-पॅसिफिक त्रैवार्षिकीपर्यंत पोहोचले आहेत. अनिल वांगड यांच्यासारखे चित्रकार विधीतल्या कथा नव्या मांडणीत आणत आहेत.

या पिढीच्या पायाखालची जमीनही हलते आहे. डहाणू तालुका १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला. त्याच भागातून आता बुलेट ट्रेनचा मार्ग जातो आणि वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली. जंगल, शेत आणि किनारा हाच ज्या चित्राचा विषय, ते चित्र जमिनीच्या प्रश्नापासून वेगळे काढता येत नाही. गेरूची भिंत सिमेंटची झाली, भाताचे शेत गेले, तर उरलेले नाचाचे फेर केवळ आठवणीतून काढावे लागतील.

नाशिकच्या बाजूचे काम

वारली कला म्हटले की आपण डहाणूकडे बोट दाखवतो आणि नाशिक जिल्हा मोकळा होतो. हे बरोबर नाही. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांत वारली वस्ती आहे. शेजारच्या कोकणांचे पावरी हे वाद्य, मार्गशीर्षातला डोंगऱ्यादेवाचा उत्सव, रात्रभर चालणारा बोहाडा आणि त्यातले रंगवलेले मुखवटे ही कलेची तितकीच मोठी परंपरा आहे. पण बोहाड्याचे मुखवटे घडवणाऱ्या कारागिरांपैकी एकही जिव्यांसारखा घरोघर माहीत झालेला नाही. त्यांचे जिव्या म्हसे कदाचित होऊन गेलेही असतील. त्यांच्यापर्यंत कागद पोहोचला नाही.

राज्याचे आदिवासी विकास आयुक्तालय नाशिक शहरात आहे. शबरी आदिवासी वित्त व विकास महामंडळ नाशिकला आहे. आदिवासी शेतकऱ्यांचे भात आणि नागली खरेदी करणारे सहकारी आदिवासी विकास महामंडळही नाशिकलाच आहे. म्हणजे पाड्यावर जाऊन वजन करून माल घ्यायचा आणि पैसे द्यायचे, ही व्यवस्था कशी चालते याचा अनुभव आपल्या जिल्ह्यात आहे. ट्रायफेड ही केंद्र सरकारची संस्था आपल्या दुकानांतून वारली चित्रे विकते, पुण्याची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था संग्रहालय चालवते. तरीही बहुतेक चित्रकाराला आजही एकट्यानेच खरेदीदारासमोर उभे राहावे लागते, आणि एकटा माणूस भाव ठरवू शकत नाही.

इथे ओझरचा स्वतःचा अनुभव उपयोगी आहे. वाघाड धरणाच्या कालव्याच्या शेपटाला असलेल्या ओझरच्या शेतापर्यंत पाणी पोहोचत नव्हते. समाज परिवर्तन केंद्राच्या बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या पुढाकाराने १९९०-९१ मध्ये शेतकऱ्यांनी महात्मा फुले, बाणगंगा आणि जय योगेश्वर या तीन पाणीवापर संस्था काढल्या. पाणी मोजून घ्यायचे, पट्टी स्वतः वसूल करायची, पाळी स्वतः ठरवायची. पुढे कालव्यावर अशा २४ संस्था झाल्या आणि संपूर्ण प्रकल्पाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या संस्थेकडे आले. धरण सरकारने बांधले, पण पाणी शेवटच्या शेतापर्यंत गेले ते संस्थेमुळे. किंगाइटच्या चित्रकारांनी आणि ओझरच्या शेतकऱ्यांनी एकमेकांचे नावही ऐकले नसेल, पण दोघांना एकाच गोष्टीने तारले. मोल असलेली वस्तू ज्यांची, तिचा हिशेब त्यांच्या हाती आला.

म्हणून मागणी स्पष्ट आहे. सुरगाणा किंवा पेठ इथे एक आणि डहाणू-तलासरीत एक, अशा कलाकारांच्या मालकीच्या सहकारी संस्था उभ्या राहाव्यात. त्यांनी आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी पाड्यावरच्या बायका-पुरुषांची चित्रे रोख पैसे देऊन घ्यावीत. प्रत्येक चित्रासोबत चित्रकाराचे नाव, पाडा आणि भौगोलिक संकेताची खूण असलेली चिठ्ठी असावी. शाळेची किंवा कार्यालयाची भिंत वारली शैलीत रंगवायची तर काम या संस्थेला द्यावे आणि भिंतीच्या कोपऱ्यात चित्रकाराचे नाव असावे, अशी अट सरकारी कंत्राटात घालता येते. त्याला नवा कायदा लागत नाही. कोणती चित्रे निवडायची आणि भाव काय लावायचा, हे मात्र संस्थेच्या सभासदांनीच ठरवावे. तज्ज्ञांनी सल्ला द्यावा, शिक्कामोर्तब करू नये. किंगाइटमध्ये झालेली चूक आपण पुन्हा करण्याची गरज नाही.

जिव्या म्हसेंनी एका माणसाच्या बळावर वारली रेषा जगभर नेली. एवढे मोठे काम एका माणसावर सोडून आपण पन्नास वर्षे निर्धास्त राहिलो. त्यांच्यानंतरच्या चित्रकारांना प्रतिभेची कमतरता नाही. त्यांच्यामागे संस्था नाही, आणि ती उभी करण्यासाठी लागणारे सगळे सामान, अनुभव आणि माणसे आपल्या जिल्ह्यात आहेत.